घरी येणारी फिजिओथेरपी : पुण्यातील एका अ‍ॅप-सेवेचे आतून केलेले परीक्षण

पुण्यात घरपोच फिजिओथेरपी पुरवणाऱ्या ज्या अ‍ॅपवरच्या कंपन्या आहेत, त्यांपैकी एका कंपनीसाठी मी फिजिओथेरपिस्ट म्हणून घरभेटी करते. या सेवांची बहुतेक परीक्षणे रुग्णांच्या नातेवाइकांनी लिहिलेली असतात आणि ‘मॅडम वेळेवर आल्या’, ‘स्वभाव छान’, ‘आईला बरे वाटले’ यापलीकडे त्यांत फारसे काही सापडत नाही. त्यात नातेवाइकांचा दोष नाही. उपचार बरोबर चालला आहे की नाही, हे बाहेरून पाहणाऱ्याला कळावे तरी कसे? म्हणून हे परीक्षण सेवा देणाऱ्याच्या बाजूने लिहीत आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझा तिच्याशी करार चालू आहे आणि पुढे ज्या त्रुटी सांगणार आहे, त्या या धंद्यात तिच्या एकटीच्या आहेत असेही नाही.

मत आधीच सांगून टाकते. घरी जाऊन उपचार देण्याची कल्पना रास्त आहे, काम करणारी माणसे बहुतांशी चांगली आहेत, पण कंपनी विकते ‘सेशन’ आणि रुग्णाला हवे असते स्वतःच्या घरात पुन्हा आपले आपण वावरता येणे. या दोहोंतले अंतर भरून काढायचे काम फिजिओच्या मर्जीवर आणि तिच्या हातात उरलेल्या वेळेवर सोडलेले आहे. पाचपैकी तीन तारे.

व्यवस्था साधी आहे. अ‍ॅपवर रुग्णाचे नाव, वय, पत्ता आणि तक्रार भरली की कंपनीच्या माणसाचा फोन येतो, त्या भागात फिरणाऱ्या फिजिओला काम दिले जाते आणि साधारणपणे दुसऱ्या दिवशी पहिली भेट होते. भेट ४५ मिनिटांची असते. एक, पाच किंवा दहा भेटींचे पैसे आगाऊ भरता येतात आणि दहांच्या पॅकेजवर सूट मिळते. दारात पोहोचल्यावर रुग्णाच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो आणि तो अ‍ॅपमध्ये घातल्याशिवाय भेट सुरू होत नाही. कागदावर ही चोख सोय आहे. प्रत्यक्षात कोथरूड, औंध, बाणेर या भागांतल्या कितीतरी आजी-आजोबांसाठी नोंदणी केलेली असते ती न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मुलाने, त्याच्याच नंबरवरून; त्यामुळे सकाळी दहा वाजता सदाशिव पेठेतल्या दारात उभी राहून मी ज्या ओटीपीची वाट पाहते, तो समुद्रापलीकडे मध्यरात्री झोपलेल्या माणसाच्या उशाशी वाजत असतो. आजी आत बोलावतात, चहा ठेवतात, आणि भेट मात्र अजून ‘सुरू’ झालेली नसते. नोंदणी करताना घरातल्याच कोणाचा तरी नंबर द्यावा, ही परदेशातल्या मुलामुलींना माझी पहिली विनंती.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे घरी उपचार घेतल्याने नेमका फायदा काय होतो. ‘दवाखान्यात जायची दगदग वाचते’ एवढेच उत्तर कंपनीच्या जाहिरातीत आहे. ते खरे आहे, पण घरभेटीचे खरे मोल यापेक्षा मोठे आहे आणि ते गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांत सर्वांत स्पष्ट दिसते. रुग्णालयातून सुटी देताना काकू वॉकर घेऊन कॉरिडॉरमध्ये चालत असतात, गुडघा बऱ्यापैकी वाकत असतो आणि सगळे समाधानी असतात. त्या कॉरिडॉरला उंबरठा नसतो, पायपुसणे नसते, मध्ये टीपॉय नसतो. पलंगाची उंची कळ फिरवून हवी तेवढी करता येते. घरी मात्र बैठकीच्या खोलीतला दिवाण इतका बुटका असतो की त्यावरून उठायला नव्वद अंशांहून जास्त वाकणारा आणि त्या अवस्थेत वजन पेलणारा गुडघा लागतो, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नेमकी तीच गोष्ट अवघड असते. सपाटीवर चालायला गुडघा साठ-पासष्ट अंश वाकला तरी भागते. जिने चढण्या-उतरण्याला आणि खुर्चीतून उठण्याला बरेच जास्त वाकणे लागते. त्यामुळे ‘चालता येते’ म्हणून घरी आलेला रुग्ण घरी आल्याच्या संध्याकाळीच कुठे अडकणार, हे घर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

एक ठिकाण तर जवळपास ठरलेले असते. जुन्या सोसायट्यांतल्या सदनिकांत बाथरूमचे दार अरुंद असते आणि वॉकर त्यातून सरळ आत जात नाही. रुग्ण मग वॉकर बाहेर सोडून एका हाताने दाराची चौकट आणि दुसऱ्या हाताने नळ किंवा टॉवेलची दांडी धरून ओल्या फरशीवर पाय टाकतात. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलण्यासाठी बसवलेली नसते. पहिल्या भेटीत मी व्यायामाच्या आधी याच दारापाशी जाते. वॉकर आडवा करून, दाराच्या चौकटीला समांतर ठेवून, एकेक पाऊल बाजूला टाकत आत कसे शिरायचे, कमोडपाशी पोहोचल्यावर पाठीमागे हात नेऊन कड हाताला लागल्याशिवाय बसायचे नाही, उठताना शस्त्रक्रियेचा पाय जरा पुढे ठेवायचा, हे सगळे रुग्णाने माझ्यासमोर चपला घालून करून दाखवायचे असते. दवाखान्यातल्या समांतर दांड्यांमध्ये महिनाभर चालून जो आत्मविश्वास येत नाही, तो या दीड मीटरच्या अंतरात दोन भेटींत येताना मी पाहिला आहे.

जिन्याचेही तसेच. कोथरूडमधल्या तीन मजली, लिफ्ट नसलेल्या सोसायट्यांत कठडा बहुधा एकाच बाजूला असतो. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी, हा नियम रुग्णालयात सगळ्यांना पाठ करून घेतलेला असतो. पण चढताना जो कठडा उजव्या हाताला होता तो उतरताना डाव्या हाताला येतो आणि मग काठी कोणत्या हातात धरायची, वळणावर जिथे पायऱ्या निमुळत्या होतात तिथे कोणत्या कडेने जायचे, हे कोणी सांगितलेले नसते. पेठांतल्या उरल्यासुरल्या वाड्यांतले उभे लाकडी जिने तर वेगळ्याच अभ्यासाचा विषय आहेत; तिथे काही रुग्णांना पहिले काही दिवस उलटे, म्हणजे जिन्याकडे तोंड करून उतरायला शिकवावे लागते. हे शिकवायला कोणतेही यंत्र लागत नाही. घर लागते.

आणि नेमक्या याच कामाला कंपनीच्या अ‍ॅपमध्ये रकाना नाही. भेट संपल्यावर जो अहवाल भरायचा असतो त्यात ‘दिलेले उपचार’ या शीर्षकाखाली यंत्रांची नावे आधी येतात, मग व्यायामांची, आणि सर्वांत शेवटी ‘इतर’. बाथरूमच्या दारापाशी घालवलेली वीस मिनिटे ‘इतर’मध्ये जातात. अहवालात वेदनेचा आकडा शून्य ते दहा या पट्टीवर रोज भरणे सक्तीचे आहे आणि त्यावरून अ‍ॅप आपोआप प्रगतीचा आलेख काढते. गुडघेदुखीच्या रुग्णासाठी ते ठीक आहे. पक्षाघाताच्या ज्या रुग्णाला दुखतच नाही, त्याचा आलेख पहिल्या दिवसापासून शून्यावर सपाट असतो, आणि माणूस अंथरुणातून उठून देवघरापर्यंत चालू लागला तरी आलेखाला त्याचा पत्ता नसतो. वास्तविक घरात सहज करता येतील अशा चाचण्या आहेत. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, हे मोजायला मोबाइलचे घड्याळ आणि जमिनीवर एक खूण पुरते; वृद्ध माणसाला बारा सेकंदांहून जास्त वेळ लागत असेल तर पडण्याचा धोका धरून चालावे, असा संकेत आहे. तोल तपासणारी बर्गची पट्टी चौदा कृतींची आणि ५६ गुणांची आहे, ती दर काही आठवड्यांनी भरता येते. मी हे आकडे माझ्या वहीत लिहिते आणि घरच्यांना दाखवते. कंपनीला ते पाठवण्याची सोय नाही.

यंत्रांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण रुग्ण आणि कंपनी या दोघांचेही यावर एकमत आहे आणि माझा दोघांशीही मतभेद आहे. ‘मॅडम, आज करंट लावणार ना?’ हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक घरात विचारला जातो. यंत्र लावले म्हणजे उपचार झाला आणि नुसता व्यायाम करून घेतला म्हणजे मॅडमनी काम टाळले, अशी समजूत आहे. कंपनीने ती समजूत दूर करायची, तर तिने आम्हा प्रत्येकाला टेन्सचे (कातडीवर पट्ट्या चिकटवून सौम्य वीजप्रवाह देणारे) छोटे यंत्र आणि हातात मावणारे, ध्वनिलहरींनी उपचार करणारे अल्ट्रासाउंड देऊन यंत्रासह भेटीचा दर वेगळा ठेवला आहे. टेन्सने काही जणांची वेदना काही काळ कमी होते आणि वेदना कमी झाली की व्यायाम नीट करता येतो, एवढा त्याचा उपयोग मला मान्य आहे. पण त्याने मांडीच्या स्नायूत ताकद येत नाही, गुडघा सरळ होत नाही, आणि ४५ मिनिटांतली वीस मिनिटे तारा जोडून पडून राहण्यात गेली तर उरलेल्या वेळात रुग्ण किती उभा राहणार? शिवाय हृदयाजवळ पेसमेकर बसवलेला असेल तर टेन्स लावू नये. हा प्रश्न अ‍ॅपच्या नोंदणीत विचारला जात नाही, फिजिओने आठवणीने विचारायचा असतो. गुडघ्याखाली उशी घेऊन पडून राहायला फार बरे वाटते, पण त्याने गुडघा वाकडाच आखडतो, टाचेखाली गुंडाळी ठेवून तो सरळ ताणायला हवा, हे सांगणारा फिजिओ यंत्र आणणाऱ्या फिजिओपेक्षा कमी लोकप्रिय असतो. तारे त्यालाच कमी मिळतात, आणि ताऱ्यांवर पुढची कामे मिळतात.

पक्षाघाताच्या रुग्णांबाबत सेवेची रचना सर्वांत तोकडी पडते. फिजिओ दिवसातून पाऊण तास येते. उरलेले सव्वातेवीस तास रुग्ण घरच्यांच्या आणि ब्यूरोकडून आलेल्या, रुग्णाची देखभाल करणाऱ्या मावशींच्या हाती असतो. मावशी मनापासून करतात, पण कूस बदलताना किंवा उठवून बसवताना लुळा हात धरून ओढण्याची सवय बहुतेकींना असते. खांद्याचा सांधा स्नायूंच्या आधारावर जागेवर राहतो. ते स्नायू ढिले पडलेले असताना हात ओढला तर सांधा खाली सरकतो, खांदा दुखू लागतो आणि पुढे हाताचे व्यायाम करणेच अशक्य होते. म्हणून हाताऐवजी खांद्याच्या पाठीमागून आणि कमरेला आधार देऊन कसे उठवायचे, निजताना त्या हाताखाली उशी कशी ठेवायची, जेवण भरवताना लुळ्या बाजूला बसून रुग्णाचे लक्ष तिकडे कसे वळवायचे, हे मावशींना शिकवणे हा उपचाराचा अर्धा भाग आहे. दिवसाच्या आणि रात्रीच्या मावशी वेगळ्या असतात. दोघी एकत्र सापडतात त्या फक्त सकाळी आठच्या सुमारास, पाळी बदलताना. म्हणून अशा घरी मी आठचीच वेळ मागून घेते आणि दोघींकडून एकेकदा करून घेते. रात्रीच्या मावशींना घरी जायची घाई असते, तरी ‘ताई, एकदा मी उचलते, तुम्ही बघा’ म्हणून त्या थांबतात. ब्यूरोने मावशी बदलली की सगळे पुन्हा पहिल्यापासून. कंपनीच्या पॅकेजमध्ये देखभाल करणाऱ्याचे प्रशिक्षण अशी वेगळी भेट असायला हवी. ती मी सुचवली होती, उत्तर आलेले नाही.

याच रुग्णांना आणखी एक जाच होतो. पॅकेज कंपनीकडून घेतलेले असल्यामुळे फिजिओ बदलू शकते, आणि बदलतेच. वाकडला राहणारी फिजिओ हडपसरची कामे सोडते, कोणी उच्चशिक्षणासाठी जाते, कोणाला रुग्णालयात नोकरी लागते. नव्या माणसाला अ‍ॅपमध्ये दिसतात ते वेदनेचे आकडे आणि यंत्रांची नावे. आजोबा डाव्या बाजूला बघायचे विसरतात, त्यांना लघवीला सारखे जावे लागते म्हणून ते उभे राहायला कंटाळतात, त्यांना क्रिकेट लावून दिले की वीस मिनिटे बसून तोल सांभाळतात, हे कुठेही लिहिलेले नसते. घरच्यांनी एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक भेटीनंतर फिजिओला त्यात चार ओळी लिहायला लावाव्यात.

या कामात येऊ पाहणाऱ्या तरुण फिजिओंसाठी थोडे. रुग्णाने भरलेल्या रकमेतला मोठा वाटा कंपनी ठेवते. पेट्रोल, पार्किंग आणि सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत गेलेला वेळ आपला. कंपनी आपल्याला ‘भागीदार’ म्हणते, म्हणजे भविष्य निर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही आणि आजारी पडलात तर त्या दिवसाची कमाई नाही. रुग्णाने तासभर आधी भेट रद्द केली तर काही मिळत नाही, आपण रद्द केली तर दंड कापला जातो. हा नियम मला सरळ अन्याय्य वाटतो. दोन भेटींमधले अंतर अ‍ॅप नकाशावरच्या किलोमीटरवर मोजते, त्यामुळे संध्याकाळी हिंजवडीहून औंधला वीस मिनिटांत पोहोचण्याची अपेक्षा ठेवलेली असते. दिवसभर लोकांच्या घरी फिरताना स्वच्छतागृहाचा प्रश्न बायकांना किती छळतो, हे रुग्णालयात नोकरी करणाऱ्यांना कळणार नाही. ओळखीच्या काकूंचे घर मध्यावर येईल असा दिवस आखणे हे या धंद्यातले न लिहिलेले कौशल्य आहे.

आता कंपनीच्या जमेच्या बाजू, कारण त्याही खऱ्या आहेत. पहिली म्हणजे नोंदणीची तपासणी. महाराष्ट्रात २००२ च्या कायद्यानुसार व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषद आहे आणि फिजिओथेरपीचा व्यवसाय करणाऱ्याने तिच्याकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे; देशपातळीवर २०२१ चा सहयोगी आरोग्य व्यवसायांचा कायदाही आला आहे. तरीही मालिश करणारे, जिममधले प्रशिक्षक आणि चार महिन्यांचा कोर्स केलेले लोक ‘फिजिओ’ म्हणून घरोघरी फिरतात. या कंपनीने माझे पदवी प्रमाणपत्र आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक दोन्ही मूळ कागद पाहून तपासले आणि क्रमांक अ‍ॅपवर माझ्या नावापुढे छापला. ओळखीतून कोणाला बोलावणार असाल तर हा क्रमांक विचारायला संकोच करू नका. खऱ्या फिजिओला त्याचा राग येत नाही.

दुसरी बाजू सुरक्षिततेची. एकट्या पुरुष रुग्णाच्या घरी जाताना घरात दुसरे कोणी हजर असावे अशी अट महिला फिजिओ घालू शकते, आणि ती अट मोडली गेली तर दारातून परत फिरण्याची मुभा दंडाशिवाय आहे. मी ती वापरली आहे आणि कंपनीने एका शब्दाने विचारले नाही. तिसरी, आणि रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची, म्हणजे डॉक्टरांशी जोडलेली तातडीची फोनलाइन. शस्त्रक्रियेनंतरच्या एका काकूंची पोटरी एका बाजूने सुजलेली, गरम आणि दाबल्यावर दुखणारी आढळली. नसेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असताना व्यायाम करून घेणे किंवा पोटरी चोळणे धोक्याचे असते. घरच्यांनी तर आदल्या रात्री तेल लावून चोळायला सुरुवात केली होती. फोनलाइनवरच्या डॉक्टरांनी ऐकताच शल्यविशारदांच्या रुग्णालयाशी बोलून त्याच दुपारी तपासणी ठरवून दिली. एकट्याने घरभेटी करणाऱ्या फिजिओला हे सगळे स्वतःच्या ओळखीवर करावे लागते. तीन ताऱ्यांपैकी एक तारा या फोनलाइनचा आहे.

खर्चाबद्दल म्हणायचे तर घरभेट क्लिनिकपेक्षा महाग पडते आणि ती सर्वांना लागतेच असे नाही. पाठदुखी, मानदुखी, फिरता येणाऱ्या माणसाचा आखडलेला खांदा यासाठी क्लिनिकमध्येच जावे. तिथे साधने जास्त, दर कमी, आणि घराबाहेर पडणे हाही औषधाचाच भाग. गुडघा किंवा खुबा बदललेला रुग्ण, पक्षाघात, पार्किन्सन, अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांच्यासाठी मात्र घरभेटच बरी. आरोग्य विम्याच्या अनेक पॉलिसींत रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरच्या ठरावीक दिवसांतला खर्च मिळतो, पण त्यासाठी डॉक्टरांनी फिजिओथेरपी लिहून दिलेली असावी लागते आणि प्रत्येक भेटीची पावती लागते. कंपनी पॅकेजची एकच पावती देते, तेव्हा भेटीगणिक तपशील सुरुवातीलाच मागून घ्यावा.

दहा भेटींचे पॅकेज पहिल्याच दिवशी घेऊ नका. आधी एकच भेट घ्या आणि त्या भेटीत फिजिओ काय करते ते पाहा : तिने डिस्चार्जचे कागद वाचले का, बाथरूम आणि जिना पाहिला का, वॉकरची मूठ रुग्ण हात सोडून उभा असताना मनगटाच्या रेषेत येते का हे तपासले का, आणि जाताना घरच्यांना दिवसभरात काय करायचे ते दाखवून त्यांच्याकडून करून घेतले का. हे झाले असेल तर तिचेच नाव घेऊन पाच भेटी मागा. अ‍ॅपवर तशी सोय दिसत नाही, पण ग्राहक सेवेला फोन केला की ते करून देतात. हे झाले नसेल आणि पिशवीतून आधी यंत्रच बाहेर आले असेल, तर दुसरी फिजिओ मागा. पहिल्या भेटीनंतर बदल मागितला तर त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.